‘क्विंटल’मधल्या क् च्या जागी ₹: फॉन्टटूल्सचं ‘डिफॉल्टटेबल’ आणि पुन्हा पुन्हा येणारी एक चूक

पायथनमध्ये फॉन्टटूल्स ही लायब्ररी वापरून फॉन्टच्या फायलींशी खेळणाऱ्या कुणालाही ही चूक कधी ना कधी भेटतेच. स्क्रिप्ट दहा फॉन्टवर सुरळीत चालते, अकराव्यावर अडते आणि सांगते की ‘डिफॉल्टटेबल’ ऑब्जेक्टला ‘टेबल’ नावाचा ॲट्रिब्यूट नाही. कधी ‘टेबल’ऐवजी ‘ग्लिफ्स’ असतं, कधी ‘मेट्रिक्स’. आपण कोडमधल्या त्या ओळीकडे बघत बसतो आणि ओळीत काहीच चुकलेलं नसतं.

घाईत असाल तर एवढंच वाचा. ‘डिफॉल्टटेबल’ हे दुखणं नाही. तुमच्या टेबलाला (म्हणजे फॉन्टच्या फाइलमधल्या एका भागाला) त्याचा योग्य क्लास मिळाला नाही, म्हणून लायब्ररीने ते पायाभूत क्लासमध्ये तसंच ठेवून दिलं. क्लास का मिळाला नाही ते शोधायचं. ‘ॲट्रिब्यूट असेल तरच पुढे जा’ अशी अट घालून चूक गप्प करायची नाही. मी ती केली होती आणि त्यापायी सांगलीच्या मार्केट यार्डात एक दिवस बराच गोंधळ झाला.

(नावं इथे देवनागरीत लिहितोय. कोडमध्ये अर्थातच ती रोमनमध्ये, लहानमोठी अक्षरं सांभाळून टाइप करायची.)

झालं काय होतं

हळदीच्या एका अडत दुकानासाठी पट्टी छापणारा प्रोग्राम मी सांभाळतो. सौदा झाला की शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि हाती पडणारी रक्कम एका कागदावर येते. शेठना त्यांच्या जुन्या फॉन्टचंच वळण हवं होतं आणि त्या फॉन्टमध्ये ₹ नव्हता. साहजिकच होतं. हे चिन्ह २०१० मध्ये ठरलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं, फॉन्ट त्याआधीचा. शिवाय मराठी वळणाचे ल आणि श त्यात असूनही छपाईत हिंदी वळणाचे येत होते, कारण प्रोग्राम भाषा कोणती ते फॉन्टला कळवतच नव्हता. म्हणून मी फॉन्टटूल्स वापरून एक स्क्रिप्ट लिहिली. तिची कामं दोन. फॉन्टमध्ये ₹ घालायचा, आणि ‘जीसब’ टेबलात मराठीसाठी जे अक्षरबदल लिहिलेले आहेत तेच मूळ वळण म्हणून लावायचे.

जीसब म्हणजे अक्षरांची अदलाबदल सांगणारं टेबल. क आणि हलन्त आले की अर्धा क् काढ, ऱ आणि हलन्त आले की ‘शेतकऱ्या’तला तो चंद्रकोरीसारखा र काढ, असे सगळे नियम त्यात असतात. देवनागरीची सगळी भिस्त याच टेबलावर.

स्क्रिप्ट वर लिहिलेल्या चुकीवर अडली. रात्रीचे साडेदहा झाले होते. मी एक अट टाकली: जीसबला ‘टेबल’ ॲट्रिब्यूट असेल तर मराठीचं काम कर, नसेल तर सोड. स्क्रिप्ट बिनबोभाट संपली, फॉन्ट तयार झाला, ₹ उमटला. मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवाणजींचा फोन आला. “अहो, क्विंटलमध्ये रुपया कुठनं आला हो? आणि हे आष्ट्याचं नाव कुणी बिघडवलं?” त्यांनी पट्टीचा फोटो पाठवला. ‘क्विंटल’मधल्या अर्ध्या क् च्या जागी चक्क ₹ बसला होता. ‘आष्टा’चं ‘आश्टा’ झालं होतं, ‘म्हैसाळ’चं ‘भ्हैसाळ’ आणि ‘शेतकऱ्याचे नाव’ तर ‘शेतकय्याचे नाव’. पूर्ण अक्षरं सगळी जागच्या जागी. फक्त अर्धी अक्षरं एकेक घर मागे सरकलेली.

म् च्या आधी भ्, ष् च्या आधी श्. वर्णमाला पाठ असलेल्या कुणालाही हा धागा लगेच दिसेल. मला दिसायला तासभर लागला.

पायाभूत क्लास करतो तरी काय

फॉन्टची फाइल म्हणजे टेबलांचं गाठोडं. सुरुवातीला १२ बाइटचं शीर्ष, मग दर टेबलामागे १६ बाइटची एक नोंद: चार अक्षरी टॅग, चेकसम (बाइट बदलले का ते ओळखायची बेरीज), टेबल कुठे सुरू होतं आणि त्याची लांबी किती. प्रत्येक टॅगसाठी फॉन्टटूल्समध्ये वेगळा क्लास आहे, आणि त्या सगळ्यांच्या मुळाशी ‘डिफॉल्टटेबल’. जस्ट व्हॅन रॉसम यांनी ही लायब्ररी सुरू केली (पायथनवाल्या गिडो यांचे भाऊ). हा पायाभूत क्लास मुद्दामच अगदी साधा ठेवलेला आहे.

त्याचं ‘डीकंपाइल’ आलेले बाइट ‘डेटा’त ठेवतं. ‘कंपाइल’ तेच बाइट परत देतं. ‘टूएक्सएमएल’ ते हेक्समध्ये लिहितं आणि ‘फ्रॉमएक्सएमएल’ फक्त ‘हेक्सडेटा’ हा एकच घटक ओळखतं. दुसरं काही दिसलं की तक्रार करतं. बस. अडत्याने पोतं न उघडता, आत राजापुरी हळद आहे की काय आहे हे न बघता, आलं तसं पुढे द्यावं, तसला प्रकार. पोतं जसंच्या तसं पोचतं ही त्याची चांगली बाजू. आत काय आहे हे त्याला माहीत नाही, आणि पुढची सगळी भानगड यातूनच होते.

आधी ओळख पटवा

इथे एक फसवी जागा आहे. जीसब प्रिंट करून बघितलं तर ‘जीसब टेबल, अमुक पत्त्यावर’ असं काहीतरी दिसतं आणि वाटतं की सगळं ठीक आहे. पण तो मजकूर पायाभूत क्लासच छापतो आणि बाकीचे क्लास तो वारशाने घेतात. म्हणजे खरं जीसब असो की पोतं असो, दिसायला दोन्ही सारखीच. त्यामुळे प्रिंटवर विश्वास ठेवू नका. पायथनच्या ‘टाइप’ फंक्शनने क्लास कोणता ते विचारा.

उत्तर ‘डिफॉल्टटेबल’ आलं तर दुसरा प्रश्न: त्या ऑब्जेक्टवर ‘एरर’ नावाचा ॲट्रिब्यूट आहे का? (हा सगळा मोठ्या लिपीत.) असेल तर क्लास सापडला होता, पण टेबल वाचताना तो कोसळला. मग लायब्ररीने कोसळल्याची पूर्ण हकिगत त्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवली आणि टेबल पायाभूत क्लासच्या ताब्यात दिलं. नसेल तर त्या टॅगसाठी क्लासच सापडला नाही. दोन्हींचा इलाज एकदम वेगळा आहे, म्हणून हे आधी ठरवल्याशिवाय पुढे हात घालू नका.

माझ्या बाबतीत ‘एरर’ होता. उघडून वाचला असता तर साडेदहालाच प्रश्न सुटला असता.

क्लास होता, वाचताना कोसळला

टीटीफॉन्ट, म्हणजे फॉन्टची फाइल हाताळणारा फॉन्टटूल्सचा मुख्य क्लास, उघडताना ‘इग्नोअर-डीकंपाइल-एरर्स’ नावाचा एक पर्याय देता येतो. तो चालू असेल तर न वाचता आलेलं टेबल लायब्ररी पोत्यात टाकते आणि पुढे जाते. बंद असेल तर तिथेच थांबते. माझ्या स्क्रिप्टमध्ये तो चालू होता. कुठल्यातरी जुन्या स्क्रिप्टमधून उघडायची ओळ मी चिकटवली होती आणि हा पर्याय तिच्याबरोबर आला. तुमच्याकडेही असाच आला असेल तर काढा. फॉन्ट बदलून परत जतन करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्याला जागाच नाही. नुसतं बघायचं असेल तर गोष्ट वेगळी.

टीटीएक्सचं, म्हणजे फॉन्टचं एक्सएमएल करून देणाऱ्या फॉन्टटूल्सबरोबरच्या साधनाचं, वागणं उलटं आहे. तिथे चुका पोटात घालणं हेच नेहमीचं वागणं, म्हणून ‘टीटीएक्समध्ये तर फॉन्ट उघडतो’ हा पुरावा धरू नका. एक्सएमएल उघडा. त्या टेबलाखाली रचना न दिसता नुसत्या हेक्सच्या ओळी असतील, आणि वर कॉमेंटमध्ये कोसळल्याची हकिगत असेल, तर ते पोतंच आहे. टीटीएक्सला ‘ई’ हा पर्याय दिला की ते पहिल्या चुकीवर थांबतं. ‘टी’ पर्यायाने एकच टेबल काढलं तर शोधाशोधही वाचते.

टेबल का वाचता येत नाही याचा पहिला निवाडा चेकसम करतो. उघडताना चेकसम तपासायला सांगा: १ दिलं तर इशारा मिळतो, २ दिलं तर सरळ चूक. चेकसम जुळत नसेल तर फाइल मध्येच कुठेतरी बिघडली, किंवा कुणीतरी बाइट बदलून चेकसम तसाच ठेवला. मग कोडच्या मागे लागण्यात अर्थ नाही, मूळ प्रत मिळवा. चेकसम जुळत असूनही टेबल वाचता येत नसेल तर ते बहुधा जन्मतःच सदोष आहे.

आमचं दुसऱ्या प्रकारचं निघालं. एका नियमाच्या नोंदीतला पत्ता टेबलाच्या शेवटाच्याही पलीकडे जात होता. “पण इतकी वर्षं हाच फॉन्ट चालतोय की,” असं शेठ म्हणाले, आणि ते खरंच होतं. हार्फबझ, म्हणजे लिब्रेऑफिस, क्रोम आणि अँड्रॉइड यांच्या आतलं अक्षरं जुळवणारं इंजिन, असा वाकडा पत्ता दिसला की तेवढाच भाग बाद करतं आणि बाकीचे नियम चालवतं. फॉन्टटूल्सला टेबल पूर्ण उलगडायचं असतं, म्हणून ते एका खड्ड्यापायी सगळी गाडी थांबवतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे.

मग अक्षरं एक घर मागे का सरकली

हा भाग नीट समजून घ्या, कारण अट घालून चूक दडपली की नेमकं हेच होतं.

फॉन्टच्या आत अक्षराकृतींना नावं नसतात, क्रमांक असतात असं समजा. जीसबच्या बाइटमध्ये ‘क आणि हलन्त आले की क्रमांक अमुक’ असा नियम असतो. फॉन्टटूल्स टेबल उलगडतं तेव्हा क्रमांकांची नावं करतं आणि जतन करताना नव्या यादीप्रमाणे नावांचे पुन्हा क्रमांक करतं. त्यामुळे मधे एखादी आकृती घुसवली तरी उलगडलेल्या टेबलांना काही होत नाही.

मी ₹ कुठे घुसवला? मूळ अक्षरं, काना-मात्रा, हलन्त संपल्यावर आणि अर्धी अक्षरं सुरू होण्याआधी. यादी नीटनेटकी दिसावी, एवढंच कारण. (नीटनेटकेपणाची हौस अशी अंगाशी येते.) आकृत्या, रुंदी, युनिकोडशी जोडणी ही टेबलं उलगडलेली होती, ती आपोआप सरकली. जीसब पोत्यात होतं. त्यातले जुने क्रमांक जसेच्या तसे नव्या फाइलमध्ये गेले. पूर्ण अक्षरं ₹ च्या आधी असल्यामुळे त्यांचे क्रमांक शाबूत राहिले, म्हणून नियम लागू तर होत होते, पण निकालात एक घर मागची आकृती येत होती. म् मागितला की भ्, ष् मागितला की श्, चंद्रकोर र मागितला की त्याच्या आधीचा य्. आणि अर्ध्या अक्षरांमध्ये पहिला असलेला क् मागितला की त्याच्या जुन्या क्रमांकावर येऊन बसलेला ₹.

जीसब पूर्ण गायब झालं असतं तर हलन्त उघडे पडले असते आणि कुणाच्याही लगेच लक्षात आलं असतं. इथे ‘आश्टा’सारखी चूक शुद्धलेखनाची वाटते. दिवाणजींना ₹ खटकला म्हणून बरं, नाहीतर ‘शेतकय्या’च्या पट्ट्या किती दिवस गेल्या असत्या कोण जाणे.

इलाज दोन केले. तातडीचा असा की ₹ यादीच्या अगदी शेवटी टाकला. शेवटी टाकलेल्या आकृतीने कुणाचाच क्रमांक हलत नाही, त्यामुळे पोत्यातलं जीसबही खरं बोलतं. त्याच संध्याकाळी पट्ट्या सरळ झाल्या. नवीन आकृती घालायची तर ती शेवटीच, हा नियम मी आता मोडत नाही. कायमचा इलाज म्हणजे सदोष जीसब काढून टाकून नियम फीचर फाइलमध्ये (असे नियम साध्या मजकुरात लिहायची फाइल) नव्याने लिहिले आणि फॉन्टटूल्समधल्या ‘फीलिब’ने टेबल बांधून घेतलं. मराठीचे ल आणि श मग त्यातच बसवले. हे करण्याआधी फॉन्टचा परवाना मात्र वाचा. ओपन फॉन्ट लायसन्सवाल्या फॉन्टमध्ये बदल चालतो (नाव राखीव असेल तर बदललेल्या फॉन्टला दुसरं नाव द्यावं लागतं), विकतच्या फॉन्टमध्ये बनवणाऱ्याची परवानगी लागू शकते. आमची परवानगी पत्राने घेतली.

आणखी एक सापळा याच जातीचा. टेबल अगदी निरोगी आहे, पण तुमच्या स्क्रिप्टने त्याला हातच लावला नाही, तरी हेच होईल. फॉन्टटूल्स टेबलं मागितल्यावरच उलगडतं आणि न मागितलेलं टेबल जतन करताना मूळ फाइलमधून तसंच उचलतं. म्हणून यादीचा क्रम बदलायचा असेल तर आधी ‘एन्शुअर-डीकंपाइल्ड’ बोलावून सगळी टेबलं उलगडून घ्या. फॉन्ट ‘लेझी’ पर्यायाने उघडत असाल तर तो बंद करा. लेझी असताना जीसबच्या आतले भाग आणखी उशिरा उलगडतात आणि चूक भलत्याच ओळीवर येते. तिथे तर ‘इग्नोअर’वाला पर्यायही तिला पकडत नाही.

क्लासच सापडला नाही

‘एरर’ नसलेला प्रकार बहुतेक वेळा आपण स्वतः बनवलेल्या टेबलाचा असतो. लायब्ररीला अनोळखी टॅग दिसला की ती पोतं देते, आणि ते योग्यच आहे.

आपला क्लास नोंदवायला ‘रजिस्टर-कस्टम-टेबल-क्लास’ आहे. टॅग, मॉड्यूलचं नाव आणि क्लासचं नाव द्यायचं. क्लासचं नाव दिलं नाही तर लायब्ररी टॅगवरून ते स्वतः बनवते: मोठ्या अक्षराच्या नंतर अंडरस्कोर, लहान अक्षराच्या आणि अंकाच्या आधी अंडरस्कोर, आणि ‘ओएस/२’मधल्या तिरक्या रेघेसारखं काही आलं तर त्याचा हेक्स कोड. हे हाताने जुळवताना माणूस हमखास चुकतो. सरळ नाव द्या. टॅग नेहमी चार अक्षरांचाच. ‘सीव्हीटी’ आणि ‘सीएफएफ’ यांच्या शेवटची मोकळी जागाही टॅगचाच भाग आहे.

“माझ्या लॅपटॉपवर चालतं, गिऱ्हाईकाच्या विंडोजवर डिफॉल्टटेबल येतं,” ही तक्रार असेल तर नोंदणी कुठे लिहिली आहे ते बघा. नोंदणी त्या चालू प्रोसेसपुरतीच असते. अनेक फॉन्ट एकाच वेळी हाताळायला मल्टिप्रोसेसिंग वापरलं, आणि नोंदणीची ओळ ‘मेन’च्या अटीच्या आत असली, की विंडोजवर प्रत्येक कामकरी प्रोसेस कोरी पाटी घेऊन सुरू होते. तिला तुमचा क्लास माहीतच नसतो. ती ओळ अटीच्या बाहेर, मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर आणा.

क्लास सापडतो पण नीट वागत नाही, असंही होतं. तुमच्या ‘कंपाइल’मधून बाइट परत द्यायला विसरलात तर जतन करताना लायब्ररी दुसरीकडेच कुठेतरी ओरडते. ‘टूएक्सएमएल’ स्वतः लिहिलं आणि ‘फ्रॉमएक्सएमएल’ पायाभूत क्लासचंच राहू दिलं तर आपणच लिहिलेला घटक ते ओळखत नाही, कारण त्याला ‘हेक्सडेटा’शिवाय काही कळत नाही. आणि तुमचं टेबल दुसऱ्या टेबलाच्या निकालावर अवलंबून असेल तर ‘डिपेंडन्सीज’ या यादीत त्याचा टॅग टाका. ‘लोका’ आणि ‘मॅक्सपी’ दोघंही तिथे ‘ग्लिफ’चं नाव लावतात, म्हणून ग्लिफ त्यांच्या आधी बांधलं जातं. पायाभूत क्लासमध्ये ही यादी रिकामी असते.

आता कसं तपासतो

जतन केलेला फॉन्ट स्क्रिप्ट स्वतःच पुन्हा उघडते, प्रत्येक टेबलाचा ‘टाइप’ विचारते आणि ओळखीच्या टॅगवर ‘डिफॉल्टटेबल’ दिसलं की थांबते. मग हार्फबझच्या ‘एचबी-शेप’ या साधनातून काही शब्द जुन्या आणि नव्या फॉन्टने घडवून दोन्हींच्या आकृत्यांची नावं ताडून बघते. शब्द पट्टीवरूनच घेतले: शेतकऱ्याचे, क्विंटल, आष्टा, म्हैसाळ, इस्लामपूर, कल्लाप्पा. शेवटच्या शब्दात दोन अर्धी अक्षरं आहेत, म्हणून तो ठेवला. ‘दक्षिण’ आणि ‘ज्ञानू’ नंतर वाढवले, कारण क्ष आणि ज्ञ हे अर्ध्या अक्षरांच्या नियमातून नाही, वेगळ्या नियमातून येतात.

दिवाणजी मात्र नव्या फॉन्टची पहिली पट्टी निघाली की अजूनही आधी ‘क्विंटल’वर बोट ठेवतात, मग रक्कम बघतात.